दुसऱ्याच्या पट्टीत

आयर्न मेडन या इंग्लिश हेवी मेटल बँडच्या चाहत्यांत ब्लेझ बेलीचं नाव निघालं की विषय दोन वाक्यांत मिटतो. तो गायक ब्रूस डिकिन्सनच्या जागी आला होता, आणि त्याला ब्रूससारखं गाता येत नव्हतं. १९९४ ते १९९९ ही पाच वर्षं, दोन अल्बम, दोन मोठे दौरे, मग ब्रूस परतला आणि गाडी रुळावर आली, असा तो इतिहास. मला तो कधीच पटला नाही. मी या माणसाचा आवाज अनेक वर्षं, चांगल्या-वाईट सगळ्या दिवसांत ऐकत आलोय. त्याच्या कारकिर्दीतला जो काळ लोक शिखर म्हणून मोजतात तिथेच त्याचा गळा सगळ्यात जास्त सोसत होता, आणि जिथे तो संपला असं समजतात तिथून पुढे तो मोकळा होऊन गायला, असं माझं ठाम मत आहे.

ब्लेझचा जन्म १९६३चा, बर्मिंगहॅमचा. ब्लॅक सॅबथ आणि जुडास प्रीस्ट या मेटल बँडांचं शहर. १९८४च्या सुमाराला जवळच्या टॅमवर्थमध्ये वुल्फ्सबेन नावाचा बँड उभा राहिला, त्यात तो गायक. हा बँड मेडनसारखा युद्धं, पुराणं आणि इतिहास सांगणारा अजिबात नव्हता. गोंगाट, मस्ती, भरधाव गाड्या आणि मुली, असा सगळा मामला. ब्लेझ स्टेजवर गप्प बसायचा नाही. प्रेक्षकांना डिवचायचा, अंगावर घ्यायचा, त्यांच्याकडून ओरडून घ्यायचा. निर्माता रिक रुबिनने त्यांना आपल्या डेफ अमेरिकन कंपनीत घेतलं आणि १९८९चा पहिला अल्बम स्वतः केला. तीन वर्षांपूर्वी स्लेअर या अमेरिकन मेटल बँडचा गाजलेला अल्बम याच रुबिनने घडवला होता, त्यामुळे टॅमवर्थच्या पोरांना आभाळ ठेंगणं झालं असणार. पण रेकॉर्ड खपल्या नाहीत. इंग्लंडातली संगीताची मासिकं कौतुक करत राहिली, छोटे हॉल भरत राहिले, आणि त्यापुढे गाडी सरकली नाही. १९९०मध्ये मेडनच्या ब्रिटनमधल्या दौऱ्यात त्यांच्याआधी वाजवायची संधी वुल्फ्सबेनला मिळाली. मेडनच्या लोकांनी ब्लेझला जवळून पाहिलं ते तिथे.

१९९३च्या ऑगस्टमध्ये ब्रूस डिकिन्सन शेवटचा कार्यक्रम करून बाहेर पडला आणि जगातल्या सगळ्यात मोठ्या हेवी मेटल बँडपैकी एकाची गायकाची जागा रिकामी झाली. १९९४च्या सुरुवातीला ती ब्लेझला मिळाली. वुल्फ्सबेन थांबला.

कुठल्याही गायकाला हेवा वाटावा अशी ही नोकरी. पण तिच्याबरोबर काय काय आलं ते बघायला हवं. ब्रूस १९८१ला आला, आणि १९८२च्या त्याच्या पहिल्याच अल्बमने ब्रिटनच्या खपाच्या यादीत पहिला क्रमांक गाठला. पुढची दहा वर्षं मेडनची गाणी त्याच्या गळ्याच्या मापाने शिवली गेली. त्याचा आवाज उंच, ताणला तरी न फाटणारा, तार सप्तकात जाऊन तिथेच मुक्काम करणारा. 'रन टू द हिल्स'चं धृपद सुरू होतं तेव्हा साधारण पुरुषी गळा जिथे संपतो तिथे ब्रूसची खरी सुरुवात असते. आता ही सगळी गाणी रात्रीमागून रात्री कुणी दुसऱ्याने म्हणायची होती.

ब्लेझचा आवाज खालचा. भरदार, धुरकट, बॅरिटोन जातीचा, खर्जाकडे झुकणारा. माणसाची पट्टी त्याच्या इच्छेवर ठरत नाही. घशातल्या स्वरतंतूंची लांबी, जाडी, त्यांना ताण देणाऱ्या स्नायूंची घडण, यावर ती ठरते. आपल्याकडे ज्याला मधल्या सप्तकाच्या वरचा भाग म्हणतो तिथे प्रत्येक गळ्यात एक वळण येतं. तिथपर्यंत छातीतला भरीव आवाज चालतो, पुढे आवाजाची जात बदलावी लागते. उंच आवाजाच्या गायकाचं हे वळण वर असतं, खालच्या आवाजाच्या गायकाचं दोन-तीन सूर आधीच येतं. शिकून, रियाज करून ते वळण सफाईने घेता येतं, पण त्याची जागा फारशी हलवता येत नाही. मेडनची जुनी गाणी ब्लेझला नेमकी त्या वळणावर उभं करून ठेवत होती, आणि तीही दोन-दोन तास.

अशा वेळी गायक काय करतो? जोर लावतो. जोराने तंतू एकमेकांवर आपटतात, सुजतात. सुजलेला तंतू जड होतो, मग तोच सूर लावायला आणखी जोर लागतो. हे चक्र एकदा सुरू झालं की त्यावर खरा इलाज एकच, गप्प बसणं. दौऱ्यावरच्या गायकाला तेच परवडत नाही. विमानातली कोरडी हवा, हॉलमधला धूर, बसमधली अर्धवट झोप, सकाळी मुलाखती आणि रात्री पुन्हा तीच गाणी. दोन्ही दौऱ्यांत ब्लेझच्या घशामुळे काही कार्यक्रम रद्द करावे लागले आणि चाहत्यांनी त्याचं खापर त्याच्या लायकीवर फोडलं.

यावर एक उपाय होता. अनेक मेटल बँड गायकाच्या सोयीसाठी गिटारच्या सगळ्या तारा अर्धा किंवा एक सूर उतरवून घेतात. पेटीवाला एक पट्टी सोडून दुसरी धरतो तसंच हे. मेडनने ते केलं नाही. बँडचा संस्थापक स्टीव्ह हॅरिस याचा बास आणि गिटारांची जुगलबंदी नेहमीच्या सुरावर, मोकळ्या तारांच्या झंकारावर उभी आहे, तार सैल केली की तिची खणखण कमी होते, हे मला समजतं. हॅरिसने आपल्या बँडचा नाद जपला. पण त्याची किंमत एकट्या गायकाने मोजली, आणि हा निर्णय मला आजही चुकीचा वाटतो. नव्या गायकाला तुम्ही त्याच्या आवाजासाठी घेता, मग त्या आवाजाला उभं राहायला जागा नको का?

काळही बाजूने नव्हता. १९९१नंतर सिअ‍ॅटलचे वेगळ्याच बाजाचे, ग्रंज बँड आले आणि अमेरिकेत पारंपरिक मेटलचं दुकान जवळजवळ बंद झालं. मेडनला तिथे मोठी मैदानं सोडून क्लब आणि थिएटरांत वाजवायची वेळ आली. १९९५चा 'द एक्स फॅक्टर' ब्रिटनच्या यादीत आठव्या क्रमांकावर थांबला, १९९८चा 'व्हर्च्युअल इलेव्हन' सोळाव्या. हे आकडे ब्लेझच्या नावावर मांडले जातात. पण त्याच वर्षांत बाहेर पडलेल्यांचं काय झालं ते कुणी शेजारी ठेवून बघत नाही. ब्रूसने केस कापले, १९९६ला 'स्कंकवर्क्स' नावाने नवा सूर शोधायचा प्रयत्न केला आणि लहान हॉलमध्ये गात हिंडला. जुडास प्रीस्ट सोडलेला गायक रॉब हॅल्फर्ड एक बँड काढून दुसरा काढत होता. रॉनी जेम्स डिओसारखा, सगळ्यांनी ज्याला गुरू मानावं असा गायक नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात क्लबांमध्ये गात होता. पाणीच ओसरलं होतं. ब्लेझ नेमका तेव्हा होडीत बसला.

'द एक्स फॅक्टर' मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला त्याच्याभोवतीचं हे भांडण माहीत नव्हतं. फार बरं झालं. सुरुवात होते ती मठातल्या साधूंच्या सामूहिक पठणाने. मग बासचे काही सूर, आणि त्यावर ब्लेझ अगदी खाली, जवळजवळ बोलल्यासारखा गायला लागतो. अकरा मिनिटांचं गाणं आहे, 'साइन ऑफ द क्रॉस'. पहिली काही मिनिटं तो आवाज वर जायचं नावच घेत नाही, आणि त्यामुळेच जी भीती दाटते ती मेडनच्या आधीच्या कुठल्याही अल्बमात मला सापडलेली नाही. हॅरिसचं लग्न त्या काळात मोडलं होतं. अल्बमभर युद्धातून परतलेली, झोप उडालेली, देवावरचा विश्वास सुटलेली माणसं आहेत. '२ ए.एम.' नावाचं एक गाणं आहे, कामावरून रात्री दोनला घरी येऊन एकटाच बसलेल्या माणसाचं. त्याच्या लेखनात ब्लेझचा हात आहे. एवढी साधी, एवढी गरीब माणसाची गोष्ट मेडनने क्वचितच सांगितली असेल. ती सांगायला फॅक्टरीच्या गावातला जड आवाजच हवा होता. ब्रूस हे गाणं भव्य करून टाकेल आणि ते भव्य होऊन चालणार नाही.

'व्हर्च्युअल इलेव्हन'बद्दल मला एवढं प्रेमाने बोलता येत नाही. ध्वनिमुद्रण पातळ आहे, आणि 'द एंजल अँड द गॅम्बलर'मध्ये एकच ओळ इतक्या वेळा फिरते की गाणं स्वतःच दमून जातं. पण त्यातच 'द क्लॅन्समन' आहे. आणि शेवटी 'कोमो एस्तायस आमिगोस' आहे, ब्लेझ आणि मेडनचा गिटारवादक यानिक गर्स यांनी लिहिलेलं. १९८२च्या फॉकलंड युद्धातल्या दोन्ही बाजूंच्या मेलेल्यांसाठी, अर्जेंटिनाच्या लोकांशी बोलल्यासारखं. इंग्लिश बँडने, युद्धाला सोळा वर्षं झाल्यावर, शत्रूच्या भाषेत क्षेमकुशल विचारायचं, यात मला मोठेपणा दिसतो. आणि ब्लेझचा मेडनबरोबरचा शेवटचा कार्यक्रम, डिसेंबर १९९८मधला, ब्यूनोस आयर्सलाच झाला.

जानेवारी १९९९मध्ये त्याला काढण्यात आलं. पुढच्या काही आठवड्यांत ब्रूस आणि गिटारवादक एड्रियन स्मिथ परत येत असल्याचं जाहीर झालं. जगभर आनंद झाला. तो आनंद खोटा नव्हता, नंतरच्या मेडनने खरोखर मोठं काम केलं. पण त्या आनंदात एक माणूस पस्तिशीत, जगातली सगळ्यात मोठी नोकरी गमावून, 'नालायक' हा शिक्का घेऊन घरी गेला.

इथे मला टिम ओवेन्सची गोष्ट आठवते, कारण तिच्याशिवाय ब्लेझचा न्याय होत नाही. ओवेन्स ओहायोमधल्या अ‍ॅक्रनचा. जुडास प्रीस्टची गाणी गाणाऱ्या एका बँडमध्ये होता आणि १९९६ला थेट प्रीस्टनेच त्याला उचललं. त्याला 'रिपर' हे नाव मिळालं. ब्लेझकडे जे नव्हतं ते त्याच्याकडे होतं. हॅल्फर्डच्या सगळ्यात उंच किंकाळ्या तो हुबेहूब काढायचा, जुन्या गाण्यांत एक सूर कमी पडू द्यायचा नाही. दोन अल्बम झाले, ग्रॅमीचं नामांकन झालं. आणि २००३ला हॅल्फर्ड परत आल्यावर त्यालाही जावं लागलं. म्हणजे हुबेहूब गाऊनही जागा टिकत नाही. लोकांना गायकाच्या गळ्यात आपलं तारुण्य ऐकायचं असतं, आणि ते दुसऱ्या कुणाला काढता येत नाही, मग त्याचा घसा कितीही वर जावो.

जागा आपलीशी केली ती डिओने. १९७९ला मूळ गायक ऑझी ऑस्बॉर्नला काढल्यावर तो ब्लॅक सॅबथमध्ये आला. तो ऑझीसारखा गायला नाही. सॅबथचा गिटारवादक टोनी आयोमीने त्याच्या गळ्याकडे बघून वेगळ्याच चालीची गाणी बांधली, आणि १९८०चा 'हेवन अँड हेल' हा अल्बम उभा राहिला. बँड बदलला म्हणून गायक रुजला. ब्लेझच्या वाट्याला तो बदल 'द एक्स फॅक्टर'च्या नव्या गाण्यांत थोडासा आला, पण मैफलीचा निम्म्याहून जास्त वेळ जुन्याच गाण्यांचा होता.

मग त्याने काय केलं, हे मला सगळ्यात जास्त महत्त्वाचं वाटतं. एका वर्षात त्याने स्वतःचा बँड उभा केला आणि २००० साली 'सिलिकॉन मसाया' काढला. निर्माता अँडी स्नीप. पहिल्या मिनिटापासून फरक कळतो. गिटार जाड आणि जमिनीलगत आहेत, लय घट्ट आहे, आणि ब्लेझचा आवाज त्याच्या स्वतःच्या घरात आहे. तो कुठेही ताणत नाही. जिथे वर जातो तिथे स्वतः ठरवून जातो, त्यामुळे ती जागा लागते. पाच वर्षं जो गळा अपुरा म्हणून ऐकला तोच इथे प्रचंड वाटतो. माणूस तोच, वर्ष एकच पुढचं, फक्त पट्टी बदललेली. ज्यांना ब्लेझला गाता येत नाही असं वाटतं त्यांनी हा अल्बम ऐकलेला नसतो, असा माझा अनुभव आहे.

पण चांगला अल्बम केला म्हणजे दिवस पालटतात असं या धंद्यात नाही. सभागृहं लहान होती, काही ठिकाणी फारच लहान. बँडमधली माणसं गेली, नवी आली, पुन्हा गेली. २००४च्या 'ब्लड अँड बिलीफ'मध्ये दारू आणि नैराश्याशी चाललेली त्याची झुंज उघड आहे, ऐकताना कानकोंडं व्हावं इतकी. २००८ला तो 'द मॅन हू वुड नॉट डाय' घेऊन नव्या ताकदीने उभा राहिला आणि त्याच वर्षी मेंदूतल्या रक्तस्रावाने त्याची पत्नी गेली. ती त्याच्या कामातही बरोबर होती. २०१०च्या 'प्रॉमिस अँड टेरर'चा शेवटचा भाग, सलग चार गाणी, या दुःखातून आला आहे. त्यात आक्रोश आहे, पण प्रदर्शन नाही. 'सराउंडेड बाय सॅडनेस' मी फार वेळा लावत नाही. ते गाणं पार्श्वसंगीत म्हणून वाजू देणं मला जमत नाही.

कंपन्यांचा नाद तर त्याने त्याआधीच सोडला होता. आपल्या रेकॉर्ड स्वतःच काढायच्या, दौरे स्वतःच आखायचे, छोट्या क्लबात गायचं, आणि कार्यक्रम संपला की बाहेर येऊन थांबलेल्या प्रत्येकाला भेटायचं. या भेटीचे तो पैसे घेत नाही. मोठ्या बँडांत गायकाशी हात मिळवण्याचं वेगळं तिकीट असतं, हे ज्यांना माहीत आहे त्यांना याची किंमत कळेल. २०१६ ते २०१८ या तीन वर्षांत त्याने 'इन्फिनिट एन्टँगलमेंट' ही तीन अल्बमांची विज्ञानकथा पूर्ण केली, दरवर्षी एक. पन्नाशी ओलांडलेल्या, मोठं पाठबळ नसलेल्या गायकाने एवढा लांबचा पल्ला धरावा आणि गाठावा, यापुढे यादीतला सोळावा क्रमांक मला फार किरकोळ वाटतो.

दरम्यान मेडनमध्येही एक गोष्ट घडत होती. ब्रूस परत आला, पण ब्लेझच्या काळातली गाणी गेली नाहीत. जानेवारी २००१मध्ये ब्राझीलमधल्या रॉक इन रिओच्या महोत्सवात, अडीच लाखांच्या आसपास लोकांपुढे, मेडनने 'साइन ऑफ द क्रॉस' आणि 'द क्लॅन्समन' ही दोन्ही वाजवली. तो कार्यक्रम पुढच्या वर्षी अल्बम म्हणून आला आणि अनेकांनी ही गाणी पहिल्यांदा तिथेच ऐकली. २०१८ला सुरू झालेल्या मोठ्या दौऱ्यातही दोन्ही होती. ब्रूस ती जबरदस्त गातो. 'द क्लॅन्समन'मधली स्वातंत्र्याची हाक त्याच्या गळ्यातून निघते तेव्हा मैदान उभं राहतं, आणि तिथे ब्रूसचं वजन जास्त आहे हे मी बिनतक्रार मान्य करतो. 'साइन ऑफ द क्रॉस'ची सुरुवात मात्र मी ब्लेझचीच धरतो. ब्रूस तिथे गोष्ट सांगतो. ब्लेझ त्या गोष्टीतला माणूस असतो.

तरीही 'मेडनची वाईट वर्षं' म्हणून ज्यांची बोळवण केली जाते त्याच वर्षांतली गाणी मेडन वीस वर्षांनंतरही हजारोंपुढे वाजवत होता, आणि लोक शब्द न् शब्द म्हणत होते. ती पहिल्यांदा गाणाऱ्याचं नाव स्टेजवरून घेतलं गेलं नाही तरी ती उभी करताना ज्याचा घसा सोलवटला तो ब्लेझ होता. ब्रूसच्या आधीचा गायक पॉल डि'आनो याचंही असंच. दोन अल्बम, १९८१ला बाहेर, पुढे सगळं आयुष्य त्या दोन अल्बमांच्या सावलीत, शेवटची वर्षं चाकाच्या खुर्चीत बसूनही गात, २०२४ला मृत्यू. बँडच्या इतिहासात ब्रूसच्या अलीकडे-पलीकडे उभ्या असलेल्या या दोघांना मिळून चार अल्बम मिळाले. मेडनचा पाया आणि मेडनचा सगळ्यात अंधारा कोपरा या चारांत आहे.

मार्च २०२३मध्ये ब्लेझला हृदयविकाराचा झटका आला. चार ठिकाणी बायपास करावी लागली. छातीचं हाड कापून पुन्हा सांधलेल्या माणसाला नुसता खोल श्वास घ्यायलाही आठवडे लागतात, आणि गाण्याचं सगळं भांडवल म्हणजे तो श्वास. फेब्रुवारी २०२४मध्ये त्याचा 'सर्कल ऑफ स्टोन' आला. आवाज थोडा खरखरीत झालाय, पण खालचे सूर पूर्वीइतकेच भरीव आहेत.

तुम्ही त्याला कधी ऐकलं नसेल तर मेडनपासून सुरुवात करू नका. 'सिलिकॉन मसाया'मधलं 'स्टेअर अ‍ॅट द सन' आधी लावा, चांगल्या हेडफोनवर, एकटे असताना. मग 'साइन ऑफ द क्रॉस' त्याच्या आवाजात, आणि लगेच तेच गाणं रिओमधल्या ब्रूसच्या आवाजात. 'प्रॉमिस अँड टेरर' शेवटी ठेवा, आणि त्यातली ती चार गाणी क्रम न मोडता ऐका.